मुंग्यांच्या पावडरीवरचा शब्द

माणसाचा नाश अज्ञानाने होत नाही. अर्थ कळल्याने होतो. एवढं मोठं सत्य मला गवसलं तेव्हा माझ्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो पाय दुसऱ्या पायावर ठेवून मी बगळ्यासारखा बसलो होतो आणि समोर मुंग्या मारण्याच्या पावडरीचं माहितीपत्रक होतं. थोर विचारांना थोर जागा लागते असं म्हणणाऱ्यांनी कधी नोकरी केलेली नसावी.

आमच्या विभागात दहा माणसं. औषधाच्या, मलमाच्या, पावडरीच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा कागद घडी घालून कोंबलेला असतो, आणि घरी आल्यावर जो सगळ्यांत आधी फेकला जातो, तो छापण्याआधी आम्ही तपासायचो. पाच टेबलं, टेबलाला दोन माणसं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर लाकडी पट्टी ठेवून ओळीओळीने खाली सरकायचं. कॉमा, फुलस्टॉप, कंस सुरू, कंस बंद, सगळं उच्चारायचं. वाक्य संपलं की बघणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. चूक दिसली तर पट्टी टेबलावर आपटायची. बाहेरून येणाऱ्याला आमची खोली एखाद्या अज्ञात पंथाचं प्रार्थनास्थळ वाटायची. पाच जण एका सुरात पुटपुटतायत, पाच जण माना खाली घालून होकार देतायत, आणि मधूनच ठाप्. मी त्या पंथाचा प्रमुख होतो, एकतीस वर्षं. पहिल्याच दिवशी माझ्या आधीच्या प्रमुखाने मला बाजूला घेऊन या धंद्याचं एकमेव रहस्य सांगितलं होतं, की अर्थाच्या नादी लागायचं नाही. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. हे मी इतकं मनावर घेतलं की ‘यकृत निकामी होऊ शकते कॉमा क्वचित मृत्यू फुलस्टॉप’ हे वाक्य मी हजारदा पाढ्यासारखं ऐकलं आणि दुपारचा डबा चवीने खाल्ला. घरी याचे परिणाम थोडे निराळे झाले. सासूबाई अत्यवस्थ असल्याचं बायकोने मला दारातच सांगितलं तेव्हा मी चप्पल काढता काढता ‘बरोबर’ म्हणालो. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला पाच दिवस गेले.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेब अतिशय सभ्य माणूस. सभ्य माणसाने आपणहून खुर्ची पुढे केली की काहीतरी होणार हे ओळखायला हवं होतं, पण मी बसलो. ते म्हणाले की आता बरंचसं तपासायला यंत्र येतंय, सगळीकडेच माणसं थोडी कमी करायची आहेत, तुमच्या विभागातून फक्त एक. ‘फक्त’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला एक बिस्किट आणखी घ्या म्हणतायत असं वाटलं. नाव शुक्रवारपर्यंत हवं होतं. निवड माझ्यावर. पण मला अवघड वाटू नये म्हणून त्यांनी विचार करून ठेवला होता, की ती तुमची चिठ्ठ्यांची पद्धत आहे ना, तीच वापरा, फार न्याय्य पद्धत आहे, मी वरही तिचं कौतुक केलंय. मी ‘बरोबर’ म्हणालो आणि जिना उतरलो. उतरताना मी पायऱ्या मोजल्या. बावीस. बाकी काही माझ्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मफलर वाचत होता, मी बघत होतो. मफलर म्हणजे माझा जोडीदार. बाराही महिने त्याच्या गळ्याभोवती मफलर असायचा, कारण गळा हेच त्याचं भांडवल होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तो मुलाखतीला आला तेव्हा मी त्याला एका खोकल्याच्या औषधाचा कागद वाचायला दिला. त्याने तो न थांबता, न चढता, न उतरता असा वाचला की जणू पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओततंय. शेवटी त्याला विचारलं, काय वाचलंत? तो म्हणाला, ‘कल्पना नाही.’ मी त्याला जागच्या जागी घेतला. तेव्हापासून रोज सात तास तो आवाज माझ्या कानात पडत आलाय. बायकोचा आवाज मी एकूण त्याच्या निम्मासुद्धा ऐकला नसेल, हे तीही मान्य करेल, किंबहुना तीच म्हणते. तर मफलर वाचत होता, हे उत्पादन वारुळाला अमुक करते कॉमा. तो अमुक म्हणजे एक इंग्रजी शब्द होता. डेसिमेट. तो मी पूर्वीही पाहिला असणार, डास, झुरळं, वाळवी, सगळ्यांच्या कागदांवर. पण माझं बोट पट्टीवर होतं, पट्टीवर दोन आकड्यांच्या मधे बारीक रेघा होत्या, आणि का कोण जाणे मी त्या मोजल्या. दहा. शब्द वर, रेघा खाली. मफलर माझ्या ‘बरोबर’साठी थांबला होता. पंखा फिरत होता. इतर चार टेबलांवरचं पुटपुटणं लांबून आल्यासारखं यायला लागलं.

मी विचारलं, “याचा अर्थ काय?”

मफलरने चष्मा काढला. सव्वीस वर्षांत मी त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. त्याने कागद उलटा करून मागचं चित्र पाहिलं, त्यात एक मुंगी पाय वर करून पडली होती.

“मुंग्या मरतात,” तो म्हणाला.

“किती?”

“सगळ्याच मरत असतील. निम्म्या मारायला पावडर कोण विकत घेईल?” असं म्हणून त्याने चष्मा चढवला आणि कॉमापासून पुढे वाचायला घेतलं. पण मला आता प्रत्येक शब्द ऐकू येत होता. डोळ्यांत गेल्यास. गिळल्यास. श्वासावाटे आत गेल्यास. भयंकर गोष्टी आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना ऐकवत होतो.

त्या संध्याकाळी मी दाजींना फोन केला. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले, घरात तीन जाड शब्दकोश बाळगून असलेले आणि कुणीतरी एखादा शब्द विचारेल या आशेवर उरलेलं आयुष्य काढणारे. कुणी विचारत नाही. आजारी माणसाला भेटायला गेले तरी ते आजाराच्या नावाची फोड करून देतात, म्हणून बहीण त्यांना हल्ली कुठे नेत नाही. मी शब्द सांगितला तेव्हा पलीकडे चहाचा कप ठेवल्याचा आवाज झाला. ते इतके खूश झाले की मला कसंतरीच वाटलं. आधी त्यांनी हल्लीच्या लोकांना नावं ठेवली, की हा शब्द सगळे ‘बहुतेक सगळ्यांचा फडशा पाडणे’ अशा अर्थी वापरतात, तुमची ती मुंग्यांची पावडरसुद्धा. मुळात त्यात दहा आहे. लॅटिनमधला डेकेम, आणि आपला दश, ही दोघं लांबची चुलत भावंडं, चेहरेपट्टी बघा म्हणाले. मग गोष्ट. रोमन सैन्यात एखादी तुकडी भ्याली, पळाली, की तिला शिक्षा असायची. दहा-दहा जणांचे गट पाडायचे. गटात चिठ्ठ्या.

“चिठ्ठ्या?” मी म्हणालो.

“चिठ्ठ्या म्हणजे तसलंच काहीतरी. शूर असो, भित्रा असो, ज्याच्यावर येईल त्याच्यावर. आणि मेहुणेबुवा, मजा पुढेच आहे. त्याला मारायचं कुणी? उरलेल्या नऊ जणांनी. दंडुक्यांनी, नाहीतर दगडांनी. बाहेरचं माणूस हात लावणार नाही.”

दाजींना वाटलं मी लिहून घेतोय, म्हणून ते सावकाश सांगायला लागले. उरलेल्या नऊंना गव्हाऐवजी जव खायला द्यायचे आणि तळाच्या बाहेर, उघड्यावर झोपायला लावायचं. काय शब्द आहे बघा, म्हणाले, एवढ्याशा शब्दात केवढं सामान. मग त्यांनी विचारलं की आणखी एखादा आहे का. मी नाही म्हटलं. त्यांचा आवाज उतरला, ते म्हणाले की असला कधी तर संकोच करू नका.

मरणाऱ्या दहाव्याबद्दल मला फारसं काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं दहा मिनिटांत आटपलं असेल. माझ्या डोळ्यांपुढून हलेनात ते नऊ. त्यातला एक तरी त्याच्या शेजारी झोपणारा असेल, त्याचं घोरणं माहीत असलेला. पहिला घाव कुणी घातला असेल? आधी तुम्ही, नाही नाही आधी तुम्ही, असं झालं असेल का? आणि नंतर, हात धुऊन, बाहेर उघड्यावर बसून ते जव शिजवताना कुणीतरी म्हणालं असेलच की जरा कच्चे राहिलेत. हा माणूस मला अगदी स्पष्ट दिसत होता. तो कुणीही असू शकत होता, पण त्याची बसण्याची पद्धत, एक पाय दुसऱ्या पायावर, ओळखीची होती. बायको म्हणाली, जेवताय ना? मी म्हणालो हो. ती म्हणाली, आज ‘बरोबर’ नाही म्हणालात, बरं वाटत नाहीये का?

आता चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. ती पद्धत माझी. प्रमुख झालो त्या वर्षी खिडकीशेजारच्या टेबलावरून दोघांत इतकं वाजलं की दोघेही महिनाभर मुद्दाम चुका सोडत होते. तेव्हा मी बिस्किटांचा एक रिकामा डबा आणला, दहा नावांच्या दहा चिठ्ठ्या टाकल्या, माझ्यासकट, आणि जाहीर केलं की यापुढे नकोसं काम, हवीशी रजा, पंख्याखालची जागा, सगळं डबा ठरवेल. मागच्या वेळी ज्याचं नाव निघालं त्याने पुढची चिठ्ठी काढायची, असा नियमही केला. तेव्हापासून भांडण नाही. लोक निवृत्त झाले, नवे आले, नावापुरती चिठ्ठी बदलली, डबा तोच. दर वेळी काढणारा डोळे मिटायचा, हात घालायचा, आणि सगळे असे शांत व्हायचे की बाहेरच्या रस्त्यावरचा हॉर्न आत आल्यासारखा वाटायचा. न्यायाचं एवढं स्वच्छ दर्शन मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आणि हा न्याय चालू ठेवणाऱ्या माणसाने, म्हणजे मी, माझ्या स्वतःच्या चिठ्ठीचा एक कोपरा पहिल्याच दिवशी दुमडून ठेवला होता. नखाएवढा. काढायची वेळ माझ्यावर आली तर बोटांना कळावं म्हणून. इतर कुणी काढलं तर मला काहीच फायदा नव्हता, त्यामुळे हे पाप मी बारीक टाइपात धरत होतो.

गुरुवारी साहेबांकडून आदेशाचा मसुदा आला. आमच्या इमारतीत जो कागद छापायचा तो आधी आमच्या खोलीतून जातो, हा नियम. तो नेमका तुतारीच्या टेबलावर गेला. तुतारी म्हणजे आमच्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा वाचक, त्याच्या समोर नवी बसते, नऊ वर्षं झाली तरी तिला नवीच म्हणतात. तुतारीने वाचायला सुरुवात केली. या विभागातील कर्मचाऱ्यांची संख्या दहावरून नऊ करण्यात येत असून कॉमा, चिठ्ठीद्वारे निश्चित झालेल्या, रिकामी जागा, यांची सेवा या महिनाअखेरीस समाप्त करण्यात येत आहे फुलस्टॉप. नवी म्हणाली, बरोबर. उर्वरित नऊ कर्मचाऱ्यांची यास संमती असून त्यांच्या स्वाक्षऱ्या खालीलप्रमाणे कोलन. बरोबर. मग एकाखाली एक नऊ रेघा. तुतारीने त्याही वाचल्या, रेघ, रेघ, रेघ, नऊ वेळा. मधे एकदा नवीची पट्टी ठाप् झाली होती, ‘समाप्त’मधला काना सुटला होता. तिने तो घातला, कोपऱ्यात सही केली आणि कागद तयार कागदांच्या ट्रेमध्ये टाकला. बाकीचे वर बघतील म्हणून मी वाट पाहिली. एकानेही मान वर केली नाही. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, तुम्ही आत्ता काय वाचलंत? पण उत्तर मला माहीत होतं, कारण याच उत्तरावर मी त्यांना नोकरीला घेतलं होतं. नऊ पाठी, पाच पट्ट्या. लाकडाच्या, फूटभर, कडेला पितळेची धार असलेल्या. इतक्या वर्षांत त्या मला कधी हातात धरायच्या वस्तू वाटल्या नव्हत्या.

सगळे गेल्यावर मी डबा उघडला. ऊन अजून खिडकीत होतं. निदान या एका वेळी तरी सर्वांबरोबर सारखं असावं म्हणून मी माझी चिठ्ठी शोधली आणि कोपरा सरळ केला. मग दुसरी हातात आली, ती मधोमध पिळलेली होती. तिसरीला तेलाचा डाग आणि त्यामुळे आलेला गुळगुळीतपणा. एक दातांनी चावलेली. एकीच्या पाठीला चिकटपट्टीचा तुकडा. नवीची, तिच्या स्वभावाला धरून, अगदी नीट, पण इतरांपेक्षा एक घडी जास्त. मफलरच्या चिठ्ठीला मधे टाचणीने भोक पाडलेलं होतं, बोटाला लागेल न लागेल असं. दहाच्या दहा. प्रत्येकाने एकट्याने, गुपचूप, आपापल्या लाजेसकट. म्हणून तर इतक्या वर्षांत नकोशा कामाला कुणी स्वतःचं नाव कधी काढलं नव्हतं आणि आम्ही त्याला नशीब म्हणत होतो. मला हसू यायला हवं होतं. उलट मला त्या सगळ्यांबद्दल असं काही भरून आलं की मी खाली बसलो. आणि त्या भरात मी आयुष्यातली सर्वांत न्याय्य गोष्ट केली. एक कोरा कागद घेतला, पट्टीने दहा सारखे तुकडे पाडले, दहा नावं एकाच शाईने लिहिली, एकसारख्या दोन घड्या घातल्या, जुन्या चिठ्ठ्या खिशात टाकल्या. घरी जाताना वाटेत मला कळलं की मी काय केलं. मोडक्या, लबाड, खुणांच्या त्या चिठ्ठ्या होत्या तोवर तो आमचा डबा होता. मी तो रोमन करून ठेवला. परत फिरता आलं असतं. इमारतीचा पहारेकरी मला ओळखत होता, त्याने दार उघडलं असतं. मी फिरलो नाही. न्याय केल्यानंतर माणसाला फार भूक लागते, मी घरी गेलो.

शुक्रवारी मी त्यांना सगळं सांगितलं. आदेश वाचून दाखवला, पण माणसासारखा, कॉमाविना. तेव्हा कळलं. नवी म्हणाली की हा कागद तर मी काल तपासला. नऊ सह्यांचं ऐकल्यावर कुणीतरी विचारलं की नाही केल्या तर? मी साहेबांकडून आधीच विचारून आणलेलं उत्तर सांगितलं, मग एकाऐवजी दोन नावं. कुणी रागावलं नाही. सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला भीतीपेक्षा थोडा सुटकेचा भाव दिसला, प्रत्येकाच्या मनात आपापली खूण होती ना. मागच्या वेळी, मुंग्यांच्या पावडरीसाठी, मफलरचं नाव निघालं होतं. म्हणजे काढणार तो.

त्याने डोळे मिटले, हात घातला. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. बोटं आत सावकाश फिरली, एकेक चिठ्ठी चाचपत, भोक शोधत, ते टाळण्यासाठी. एक फेरी झाली. दुसरी झाली. मग बोटं थांबली. मफलरने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. जन्मभर अर्थ न लावता वाचणाऱ्या माणसाला त्या क्षणी सगळा अर्थ एकदम लागला, आणि त्यातलं मला एवढंच वाचता आलं, की ‘तुम्ही?’ मला म्हणायचं होतं की थांबा. म्हणायचं होतं की माझं नाव घाला, मला तीनच वर्षं उरलीत, मी घरी बसलो तर बायकोलाच त्रास. हे वाक्य मी आतल्या आत पूर्ण जुळवलं, विरामचिन्हांसकट. तोंडातून मात्र, सवयीने, आलं, “बरोबर.” आणि मफलरने हाताला लागली ती चिठ्ठी उचलली.

त्याने ती उलगडली, चष्मा सारखा केला आणि आपलं स्वतःचं नाव वाचलं. न चढता, न उतरता. शेवटी, “फुलस्टॉप.”

दुपारी नाव घालून आदेश आला. तपासणीला पाळी आमच्या टेबलाची होती. मी म्हणालो मी एकटाच बघतो. मफलर म्हणाला एकट्याने चूक राहते. त्याने वाचला, मी पट्टी सरकवली. गळ्यावर दुसरीकडे कोण पैसे देणार आहे याला, चोपन्नाव्या वर्षी, असले विचार मला ओळीओळीला येत होते आणि त्यामुळे एक चूक माझ्याकडून सुटली, ती त्यानेच दाखवली. मग सह्या. सगळे आपापल्या जागेवरून उठून आले, एकामागून एक, कुणी घाई केली नाही, कुणी मागेही राहिलं नाही. तुतारीने सही केली आणि मफलरच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, मग तो हात त्याने आपल्या खिशात घातला. नवी रडत होती, पण अक्षर तिचं सुरेखच आलं. आठ झाल्या. नववी रेघ माझी. मफलर शेजारी बसून कागदाचा कोपरा दाबून धरत होता, पंख्याने उडू नये म्हणून. मी पेन टेकवलं आणि पहिलं अक्षर रेघ सोडून भलतीकडेच गेलं.

मफलर वाकून बघत होता. त्याने मफलर जरा सैल केला.

“सही तेवढी रेघेवर घ्या,” तो म्हणाला. “नाहीतर परत टाइप करायला लावतील.”